कापड भारी, शिलाई कच्ची

"कापड भारी, शिलाई कच्ची," रऊफ टेलरने गावात आलेल्या बोलपटाच्या खेळाचा निकाल दिला आणि दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

खेळांच्या बाबतीत शेलूबाजारात रऊफचा शब्द शेवटचा. कापड आणायला तो अकोल्याला जाई आणि तिथे लागलेला एकही बोलपट सोडत नसे. मग बाजाराच्या दिवशी त्याच्या ओट्यावर माणसं जमत. मोठ्या कंपन्यांचे राजवाडे, हत्ती, नाच त्याला मुळीच खपत नसत. कोणी फाटक्या खिशाच्या माणसाने बायकोचे दागिने मोडून काढलेला खेळ असला, की मात्र त्याचा सूर मऊ होई. "मांजरपाटच आहे, पण टाका पक्का," म्हणे. लोक माना डोलवत. दुकानामागच्या पडद्याआड काजं करत बसलेली त्याची बायको जमीलाही ते ऐके, आणि खरं सांगायचं तर रऊफ तिच्यासाठीच जरा मोठ्याने बोले.

यंदा मात्र वारं फिरलं होतं. युसूफ बांगडीवाला, काल मिसरूड फुटलेला पोरगा, तोही अकोल्याचे खेळ पाहू लागला. तो निकालबिकाल देत नसे. घरोघरी बायकांच्या हातात बांगड्या चढवता चढवता अख्खी गोष्ट नकलांसकट सांगे. जमीलाच्या मनगटावरही नव्या निळ्या बांगड्या आल्या होत्या. त्या किणकिणल्या की रऊफची सुई चुकायची. आणि या आठवड्यात गावात फिरत्या बोलपटाचा तंबू लागला, युसूफने वाखाणलेला तोच मोठ्या कंपनीचा खेळ आला, तेव्हा जमीलाने जन्मात पहिल्यांदा हट्ट धरला. शेजारणींबरोबर गेली, पाहून आली. आल्यापासून नवरा-बायकोत बोलणं नव्हतं.

"तुमी तंबूत दिसले नाई, रऊफमिया," बंडीचं माप द्यायला आलेला धनसिंग म्हणाला.

"म्या हा खेळ अकोल्यालेच पाह्यला. तंबूत कायले जाऊ?"

"मले तर लय आवडला."

"तुले हत्ती आवडला असन." लोक हसले. रऊफला हुरूप चढला. समोरच्या ओट्यावर युसूफ बांगड्यांची पेटी मांडून बसला होता, त्याला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "एवढा पैसा ओतला, पण राजकुमाराले कोणी जेवाले शिकवलं नाई! भर दरबारात डाव्या हातानं घास घेऊन राह्यला. थू! याले म्हणतेत मोठी कंपनी."

युसूफने मान वर केली. "उजव्या हातानं जेवला, रऊफभाई."

"डाव्या! माह्या डोयानं पाह्यलं."

"सारी माणसं होती तंबूत. विचारा."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. उजव्याच हाताने जेवला होता, पण रऊफचं खोटं कसं पाडावं? धनसिंग मात्र विचारात पडला.

"आमची घरवाली सुंदरबाई बी डावाच हात म्हणत होती," तो हळूच म्हणाला. "तंबूत बाया खेळाच्या पडद्याच्या मांगं बसतेत न. पुढून उजवा, तर मांगून डावा दिसते."

दोघा-तिघांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि ओटाभर हसू फुटलं.

"रऊफमिया, अकोल्यात तुमी बायाइत बसता काय हो?"

रऊफच्या कानशिलांना चटका बसला. अकोल्याला त्याने हा खेळ पाहिलाच नव्हता. युसूफने वाखाणला म्हणून पाहिला नव्हता. पण जमीला तंबूत गेली, तेव्हा त्याच्याने घरी बसवलं नाही. तंबूमागच्या इंजिनाच्या धुरात, बायकांच्या बाजूच्या कनातीला एक फट होती. तिला डोळा लावून तो खेळ संपेतोवर उभा होता. अर्धा डोळा खेळावर, अर्धा जमीलावर. राजकुमार घास घेत होता तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत होती. असं हसू त्याने घरात कधी पाहिलं नव्हतं. मत्सराचा नुसता भडका उडाला होता, आणि त्या भडक्यात डावं-उजवं कोण पाहतो!

आता हे बाजारात कसं सांगायचं? परक्या बायांच्या कनातीत डोळा घालणाऱ्याला कोणी घरच्या चोळीचं मापही दिलं नसतं.

"म्या सांगतलं त्याइले."

पडद्याआडून आवाज आला. हसू जागच्या जागी थांबलं.

"अकोल्यात नाई पाह्यला त्याइनं," जमीला म्हणाली. "म्या जे पाह्यलं ते घरी सांगतलं. डावा हात बी म्याच सांगतला."

रऊफने मान खाली घातली आणि मशीन चालू केलं. तिने एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तिने फटीतला डोळा पाहिला होता. तिने त्याला त्यातून सोडवलं, आणि निकाल देण्याचा त्याचा मान मात्र सगळ्यांदेखत काढून घेतला.

ओट्यावरची माणसं उठली नाहीत. उलट पडद्याच्या बाजूने सरकून बसली. युसूफही आपली पेटी तशीच टाकून अलीकडे आला आणि पायरीवर टेकला.

"मंग भाभी," त्याने अदबीने विचारलं, "तुमाले कसा वाटला खेळ?"

रऊफने पाय जोरात मारला. मशीन खडखडू लागलं. पडद्याआड बांगड्या किणकिणल्या, जमीला काहीतरी म्हणाली, कोणाला ऐकू आलं नाही. माणसांनी रऊफकडे पाहिलं.

त्यालाही ऐकायचंच होतं. त्याने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"कापड भारी होतं," जमीला म्हणाली, "आन् शिलाई बी पक्की होती."