बर्फात कांदा

"अवं पोरी, पंचेचाळीस डिग्रीत वांगे तोडतो मी! मले काय थंडी वाजवते तुह्या शिनेमातला बरफ?" नात रागिणीनं दिलेली शाल देवीदासआबांनी निघतानाच दर्यापूरला खाटेवर भिरकावली.

अमरावतीच्या टॉकीजात, पडद्यावरचं कुटुंब हरवलेलं जग शोधत उत्तर ध्रुवावर पोचलं, तोवर एसीनं आबांचे दात वाजायला लागले. पण आता सांगायचं कोणत्या तोंडानं?

"अहो, मले लय थंडी वाजून राहिली," शेजारून जयवंताआजी बोलल्या. "सरका जरा इकडं." अन् पिशवीतून तीच शाल काढून त्यांनी दोघांवर पांघरली.

शालीखाली आबांना आजीचा हात लागला. चांगला गरम होता.

आबा जवळ सरकले, तसा ऊन लागू नये म्हणून आजीनंच त्यांच्या खिशात घातलेला कांदा निसटला अन् एकेक पायरी उतरत पहिल्या रांगेत गेला.