दोघांची गाडी

दुकानदाराने एका सीटची बाबागाडी पुढे ओढली. “ताई, बाळाला ही पुरे. मोठा चार वर्षांचा असेल ना? तो चालेल की.”

मोठा, निहार, मृण्मयीच्या कडेवर होता. त्याचे बारीक पाय तिच्या मांडीपर्यंत लोंबत होते. तान्ही सासूबाईंच्या खांद्यावर झोपली होती.

“दिवाळीपर्यंत लागेल चालायला,” सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. दरवर्षी त्या हेच म्हणत आणि मृण्मयी मान डोलवत असे.

आज तिची कंबर ठणकत होती. मान डोलवण्याचंही त्राण उरलं नव्हतं. “आई, तो चालणार नाही. डॉक्टरांनी आपल्या दोघींसमोरच सांगितलंय. मला दोघांची गाडी हवी.”

दुकानदाराने ओशाळून आतून जुळ्यांची गाडी आणली. मृण्मयीने निहारला बसवून पट्टा लावला. सासूबाईंनी तान्हीला अलगद त्याच्या शेजारी निजवलं.

मृण्मयी क्षणभर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग गाडी ढकलायला वळली, तर दांडा सासूबाईंनी आधीच धरला होता.

“राहू दे,” त्या वर न बघता म्हणाल्या. “मी ढकलते. तू नुसती चल.”