काचेला विचार

काच शाबूत होती. ओळंब्याने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मागे उभ्या मंडळींकडे वळून मान डोलावली. रिपोर्ट चांगले आलेत हे सांगताना डॉक्टर डोलावतात, तशी.

“बघून घ्या,” बंडल म्हणाला, “या एवढ्याशा पट्टीवर अख्खी वखार उभी आहे.”

बंडल आणि ओळंबा कॉलेजपासूनचे मित्र. मुलं मार्गी लागल्यावर बंडलला शहराच्या वारशाचा पुळका आला होता. अधूनमधून एखाद्या रविवारी तो जुन्या कंपूला सहकुटुंब जुन्या इमारती दाखवायला काढायचा आणि शेवटी जुन्या चवीच्या ठिकाणी जेवायला घालायचा. मंडळी सगळी लिफ्टच्या फ्लॅटात राहणारी. त्यामुळे पडक्या भिंतींवर त्यांचा फार जीव. सकाळपासून दोन कमानी आणि एक बंद घड्याळ पाहून झालं होतं, आणि आता स्वयंपाकघरातून लसणीत परतलेल्या मासळीचा वास यायला लागल्यावर स्थापत्यातला रस झपाट्याने ओसरत होता.

तरी बंडलने काचेची गोष्ट सांगितलीच. नगरपालिकेला ही वखार पाडायची होती. खाली खानावळ, वर लाकडी हॉल, हॉलला रस्त्यावर झुकलेला सज्जा आणि खालपासून वरपर्यंत भिंतीला गेलेली बोटभर भेग. फाइल आली ओळंब्याकडे. नगरपालिकेतला हा इंजिनिअर लग्नाच्या फोटोतही गवंड्याच्या ओळंब्यासारखा इतका ताठ उभा आहे, की नाव तेच पडलं. वरच्या साहेबांनी त्याला बोलावून ‘धोकादायक’ एवढा एकच शब्द लिहायला सांगितला. त्याने लिहिला नाही. त्याने भेगेवर आडवी एक काचपट्टी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट केली आणि सांगितलं, थांबा. भिंत केसभर जरी सरकली तरी काच फुटणार. काचेला ताणता येत नाही, दमात घेता येत नाही.

काच फुटली नाही. तो दर वर्षी येऊन बघत राहिला. शेवटी त्याने सही केली. कित्येक वर्षं कुलूपबंद असलेला वरचा हॉल त्या सहीवर उघडला आणि रविवारी तिथे पाय ठेवायला जागा मिळेनाशी झाली.

“माझ्या पाठीला पण एक काच लाव रे,” कंपूतला डॉक्टर म्हणाला. “निदान कळेल तरी, कधी जाणार ते.”

सगळे हसले. ओळंब्याची बायको हसली नाही. ती भेगेकडे बघत होती.

“अहो, मागच्या खेपेला ही एवढी होती?”

“काचेला विचार,” तो म्हणाला.

खरं तर भेग त्यालाही रुंदावल्यासारखी वाटली होती. पण डोळे म्हातारे होतात, काच होत नाही. त्याने हा विचार तिथेच झटकला. नोकरीत त्याने दोनच गोष्टींवर विश्वास ठेवला होता, मोजमापावर आणि स्वतःवर. दोन्ही अजून शाबूत होत्या.

“चला वर,” बंडल ओरडला. “सज्ज्याजवळचं टेबल धरलंय.”

मंडळी लाकडी जिना दणाणत वर गेली. बायको सगळ्यांत शेवटी गेली. तोही निघाला होता, पण खानावळीच्या मालकीणबाईंनी त्याला अडवलं. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं.

“तुम्ही कुठे चाललात? पहिला तुकडा तुमचा. इथेच उभं राहून खायचा.”

हा दर वेळचा मान होता. बाकी कुणाचा चहासुद्धा न घेणारा माणूस हा तुकडा मात्र घ्यायचा. काकूंनी ताटली त्याच्या हातात दिली.

“तुमच्यामुळे आमची चूल पेटती राहिली, साहेब. तुम्ही येणार म्हटलं की मी सकाळपासून सगळं नीटनेटकं करून ठेवते.”

ते दिसतच होतं. भिंतीवर धुराचं काजळ चढलेलं, दिव्यावर तेलकट थर. काच तेवढी लखलखीत. काकू स्वतः पुसत असणार. ओळंब्याला भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या एखाद्या कामाची इतकी निगा कुणी राखली नव्हती. मासा तोंडात विरघळला.

वर बंडलचा आवाज चढला. “जेवण येईपर्यंत एक फोटो. सगळे सज्ज्यात या. सगळे. शेजारच्या टेबलवालेही या हो, लाजू नका. वहिनी, तुम्ही कठड्याजवळ.”

खुर्च्या सरकल्या. पोरं धावली. ओळंब्याच्या डोक्यावरून पायांचा सगळा लोंढा एका बाजूला गेला. तुळया कण्हल्या आणि त्याच्या ताटलीत वरून चिमूटभर माती पडली.

मग भिंतीपाशी टक् असा आवाज झाला. नख मोडावं एवढाच.

तो वळला. काचेचे दोन तुकडे आपापल्या प्लास्टरला धरून होते आणि त्यांच्यामध्ये काळोखाची बारीक रेघ होती.

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. हात फडक्याला पुसत त्यांनी फळीवरून एक डबा खाली काढला. डब्यात पट्ट्या किणकिणल्या.

“फुटली ना परत? थांबा, दुसरी लावते,” त्या म्हणाल्या. “पूर्वी एकेक वर्षभर पुरायची.”