डोक्यामागची सासू

वाघ मागून झडप घालतो, म्हणून मोहफुलं वेचणाऱ्या बायांना डोक्यामागे बांधायला मुखवटे छापून द्यायचं दिव्यानीनं कबूल केलं होतं. कबूल करताना घरच्या स्टुडिओतली गिऱ्हाइकं आणि कडेवरचं पोरगं ती साफ विसरली. आज बाया दारात आल्या, तर पोरानं प्रिंटरची बटणं दाबून सगळा कागद संपवलेला! प्रत्येक कागदावर डोळे वटारलेली सासू. “लेकरू रडून राह्यलं अन् तुले गावाची पडली!” म्हणून ती ओरडली तेव्हा चुकून निघालेला फोटो. दिव्यानी घाईघाईनं ते कागद लपवू लागली. बायांतल्या कमळानं मात्र त्यातलाच एक ओढून डोक्यामागे बांधला. “हाच पाहिजे वो! वाघ काय, माहा नवराबी मागं येत नाई.” सासूनं कागद उचलून निरखला. “येवढ्याशा डोळ्याईले वाघ भेते काय? दुसरा काढ!” नातवाला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसली, पण काही केल्या तिला रागावता येईना.