मावशीला तोलेदो दाखवताना

मोठ्या चौकाच्या तोंडाशीच होनोरिना मावशी थबकली. पुढे पाऊलच टाकेना.

"काय झालं मावशी?" बेगोन्याने विचारलं.

"काही नाही गं. केवढं मोकळं आहे हे."

हा चौक कसला, अंगणच आहे, असं फेर्मीन बायकोच्या कानात पुटपुटला. बेगोन्याने त्याला कोपराने ढोसलं. मावशीने तोलेदो असं कधी हिंडून पाहिलेलं नव्हतं. तिला ते सावकाश दाखवायचं, घाई करायची नाही, असं सोरियाहून निघतानाच दोघांचं ठरलं होतं.

खरं तर सहल हे निमित्त होतं. मावशी राहत होती ते घर बंद करावं लागलं होतं. छप्पर गळत होतं आणि माणसंही उरली नव्हती. होत्या त्या मावशी आणि तिच्याच वयाच्या दोघी. त्या दोघी बुर्गोसला राहायला गेल्या आणि तिलाही तिकडेच ये म्हणत होत्या. बेगोन्याला वाटत होतं, मावशीने सोरियाला आपल्याकडे यावं. आई गेल्यापासून माहेरचं म्हणावं असं तिला तेवढंच माणूस होतं. पण विचारायचा धीर होत नव्हता. मावशी "बघू" म्हणाली की त्याचा अर्थ "नाही" असतो, हे आईने तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं. म्हणून तिने आधी नुसतं फिरायचं सुचवलं, आणि मावशी एका शब्दात हो म्हणाली तेव्हा तीच गोंधळली.

मावशीच्या अंगावर बेगोन्याने आणलेला निळा कोट होता, पायात नवे बूट. बूट चावत असणार, पण तिने तक्रार केली नाही. उलट भिंतीच्या कडेकडेने अशी झपझप चालत होती की फेर्मीनला दम लागला. बेगोन्याने तिला लहानपणापासून पाहिलं होतं ते समोर बसून बोलताना. या बाईच्या पायांत एवढा जोर आहे, हे तिला नव्यानेच कळत होतं.

कॅथेड्रलमध्ये मावशी फार वेळ थांबली नाही. फेर्मीनने रांगेत उभं राहून तिकिटं काढली होती, त्यामुळे तो जरा हिरमुसला. मावशीला बाहेरचंच जास्त आवडत होतं. खिडकीत वाळत घातलेले कपडे, एका म्हाताऱ्याला ओढत नेणारा कुत्रा, कोपऱ्यावर भांडणारं जोडपं. मग ती बसच्या थांब्यावर जाऊन बसली. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली.

"मावशीआजी, आपल्याला जायचंय कुठे?" बेगोन्याच्या अकरा वर्षांच्या लेकीने, कार्लोताने विचारलं.

"कुठेच नाही. कोण कुठे जातंय ते बघू."

कार्लोताला हा खेळ इतका आवडला की तिला तिथून उठवणं अवघड झालं.

जेवायला त्यांनी टोमॅटोत शिजवलेलं डुकराचं मांस आणि पाव घेतला. मावशीने बशी पावाने पुसून लख्ख केली आणि सगळ्यांच्या आधी हात पुसून बसली. फेर्मीनने मोठ्या हौसेने इथली बदामाची मिठाई आणली. मावशीने एक तुकडा तोंडात घोळवला. बदाम जुने आहेत, आणि कमीही आहेत, असं तिने शांतपणे सांगितलं. फेर्मीनने डबा मुकाट्याने पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी ते नदीपलीकडच्या टेकडीवर गेले. तिथून सगळं गाव ओंजळीत धरल्यासारखं दिसत होतं. इतक्यात घंटा वाजू लागल्या. मावशी मान वाकडी करून ऐकत राहिली आणि एकेक मनोरा शोधू लागली. "ही तिथून वाजते होय," ती स्वतःशीच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बेगोन्याला एकदम धीर आला.

"मावशी, आमच्याकडे राहायला ये."

"तुमच्याकडे जागा कुठे आहे?"

"कार्लोताची खोली मोठी आहे."

"ती बिचारी म्हणेल, म्हातारी घोरते."

"मी पण घोरते," कार्लोता म्हणाली.

मावशी हसली. मग खाली नदीकडे बघत तिने विचारलं,

"तुझ्याकडे सकाळी कधी उठायचं असतं?"

"तुला जाग येईल तेव्हा."

"हे मला शिकावं लागेल," मावशी म्हणाली. तिने बेगोन्याचा हात हातात घेतला. "येते मी. बुर्गोसला तसं कळवू. पण उद्या निघायच्या आधी एक जागा बघायची राहिलीय."

बेगोन्याने तोंड फिरवून डोळे पुसले. फेर्मीनने ते पाहिलं आणि मिठाईचा डबा उघडून सगळ्यांपुढे धरला. या वेळी मावशीनेही दोन तुकडे घेतले.

सकाळी मावशी सगळ्यांच्या पुढे चालत होती. तिने एका पेपरवाल्याला संत कासिल्दाच्या मठाचा रस्ता विचारला, मग दारापुढे झाडणाऱ्या बाईला. दोनदा चुकीच्या बोळात शिरली. फेर्मीन सांगायला पुढे झाला तसा बेगोन्याने त्याचा हात दाबला. विचारत विचारत जाण्यात मावशीला इतकी मजा येत होती की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

शेवटी उंच दगडी भिंत आली आणि तिच्यात एक लहानसं, बंद दार. समोर पर्यटकांचा घोळका उभा होता. इथल्या नन एकदा आत गेल्या की जन्मभर आतच राहायच्या, मठ नुकताच बंद झालाय, असं त्यांचा वाटाड्या सांगत होता. मावशी रस्त्याच्या पलीकडे जाऊन भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली. मग अलीकडे येऊन दारापाशी उभी राहिली.

घोळक्यातली एक बाई तिच्याकडे बघून हसली. "तुम्हीही आमच्यासारख्या पाहुण्याच ना? तोलेदोला कधी आलात?"

"एकोणीस वर्षांची असताना," मावशी म्हणाली आणि तिने दारावर हात ठेवला. "याच दाराने आत गेले. बाहेर पडले ती मात्र परवा."