मागच्याला कळायला हवं

कल्पना करा, मुलांनो, तुम्ही अवोन्डेल उपनगराच्या मैदानावर स्वरदाशेजारी उभे आहात. तिचे कोच तेविता सतरा वर्षं रग्बी लीग हा धडकाधडकीचा खेळ खेळले. कुणी कुठे धावायचं, हे सगळ्या संघाला तेच ओरडून सांगायचे. डोक्याला मारही त्यांनाच जास्त बसायचा. लाजऱ्या स्वरदाला ते रोज रागवतात, "अगं, आवाज काढ! मागच्याला कळायला हवं ना?"

आज सराव संपला. तिच्या घरासमोरच राहणारे कोच तिच्याबरोबर निघाले आणि मैदानाच्या फाटकातच थांबले.

"स्वरदा," ते हळूच म्हणाले, "माझं घर कुठल्या बाजूला गं? परवापर्यंत आठवत होतं."

स्वरदा त्यांच्या पुढे झाली आणि मैदानावर कधीच न निघालेल्या आवाजात ओरडली, "लेफ्ट, कोच! लेफ्ट!"