फेब्रुवारीची तीस तारीख

"म्हैस इकली, दादा. माजं नाव कमी करा," म्हणत भिमाबाईंनी दूध संस्थेचं कार्ड गहिनीनाथच्या टेबलावर ठेवलं.

गहिनीनाथने लॅपटॉपवरची नजर काही काढली नाही. स्वारी आज हवेत होती. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा काढून देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्याने लिहिली होती. दर महिन्याची दहावी असो की दर तिसरा बुधवार, कुणाही प्रोग्रामरने ती आपल्या कामात जोडायची, की वर्षभराच्या तारखा हजर. सकाळीच जर्मनीहून कुणीतरी तिची तोंडभरून तारीफ केली होती. वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या टँकरच्या पाळ्याही जानेवारीपासून तीच लावत होती. यंदाच्या दुष्काळात एवढ्या वस्त्यांचा घोळ माणसाच्या हातून कुठला निस्तरायला!

"कावून इकली? चांगली दुधाची होती की."

"पानी कुठून पाजू? सतरा दिस झाले. वीस तारखंला टँकर आलता, त्याच्यावर न्हाई."

"असं कसं होईल?" म्हणत त्याने भिमाबाईंच्या वस्तीच्या, भीमनगरच्या पाळ्या उघडल्या. दहा, वीस, तीस. संस्थेच्या समितीने वस्त्यांच्या यादीच्या क्रमाने तारखा वाटल्या होत्या. भीमनगर यादीत शेवटी, म्हणून तारखाही शेवटच्या. आणि वीस फेब्रुवारीच्या खाली एकदम दहा मार्च.

महिन्यात नसलेली तारीख गुपचूप गाळून टाकायची, हा नियम त्यानेच लिहिला होता. फेब्रुवारीला तीस तारीख नसते हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि हा शहाणा इंजिनियर झालेला. जर्मनीवाल्याने नेमकं त्याच नियमाचं कौतुक केलं होतं.

"अहो, एक फोन तरी करायचा! इथं येऊन भांडायचं! सतरा दिवस गप कावून बसलात?"

"भांडून काय करावं, दादा? आमाला वाटलं, पानी कमी पडलं आसंल, मंग पैलं आमचंच नाव काढलं. दर बारीला आमचंच निघतंय."

"नाही हो, भिमाबाई! कुणीच काढलं नाही. चूक माझी आहे. माझ्या प्रोग्रामची. टँकर आत्ताच्या आत्ता पाठवतो."

आता ही बाई आपल्याला शिव्या घालणार, घालायलाच पाहिजेत, असं त्याला वाटलं. भिमाबाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या.

"चूक झाली? मंजी कुनी मुद्दाम न्हाई केलं?"

"नाही."

"वस्तीत सांगाया पायजे," म्हणत त्या लगबगीने उठल्या. दोन दिवसांपूर्वी नेकनूरच्या बाजारात दुभती म्हैस मिळेल त्या भावाला देऊन आलेली बाई, पण चेहरा असा उजळला होता की गहिनीनाथला तो पाहवेना. दारापाशी जाऊन त्या वळल्या.

"नक्की ना, दादा? चुकूनच झालं ना?"